लॉगिन प्रणालीतील यादृच्छिक संख्यांचा अंदाज बांधता येत असेल, तर धोका नेमका किती?

नवी_जबाबदारी

नमस्कार. एका लॉगिन प्रणालीची देखभाल गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आली आहे. प्रणाली पायथॉनमध्ये लिहिलेली असून ती बरीच वर्षे विनातक्रार चालू आहे. तिच्यात तीन ठिकाणी यादृच्छिक संख्या लागतात: पासवर्ड विसरल्यास ईमेलने पाठवल्या जाणाऱ्या दुव्यातील टोकन (ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला), 'मला लक्षात ठेवा' या पर्यायासाठी ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी कुकी, आणि दुसऱ्या टप्प्यातील पडताळणीसाठी मोबाइलवर जाणारा सहा अंकी कोड. या तिन्ही गोष्टी भाषेच्या नेहमीच्या रँडम मोड्यूलमधून घेतल्या जातात. सेवा सुरू होते त्या क्षणाची वेळ मिलिसेकंदांत मोजून ती या मोड्यूलला बीज म्हणून, म्हणजे ज्यावरून पुढच्या सगळ्या संख्या ठरतात ते सुरुवातीचे मूल्य म्हणून, दिली जाते. टोकन बनवताना मिळालेल्या संख्येचा एमडी५ (कोणत्याही माहितीवरून ठरावीक लांबीचे मूल्य देणारा एक हॅश) काढतात आणि त्याची ३२ अक्षरे दुव्यात घालतात.

नुकत्याच झालेल्या सुरक्षा तपासणीच्या अहवालात ही त्रुटी 'गंभीर' म्हणून नोंदवली गेली आहे. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की ३२ अक्षरांचे टोकन कोणालाही अंदाजाने काढता येणार नाही, एमडी५मुळे मूळ संख्या झाकली जाते, आमचा कोड बाहेर कोणाकडेही नाही, आणि पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद होते. शिवाय त्यांनी एक लाख टोकने तयार करून त्यांतील अक्षरांची वारंवारता मोजली असून तिच्यात कोणताही कल दिसला नाही. मला त्यांचा अनुभव मोलाचा वाटतो, पण शंका जात नाही. हा धोका प्रत्यक्षात आहे का, आणि असल्यास तो त्यांना कसा दाखवावा?

खोलवर

धोका प्रत्यक्षात आहे, आणि अहवालातील 'गंभीर' हा शब्द योग्य आहे. तुमच्या सहकाऱ्यांचे मुद्दे वरवर पाहता सयुक्तिक वाटतात, म्हणून एकेक नीट पाहू.

पहिला मुद्दा लांबीचा. टोकनात प्रत्येकी चार बिटांची ३२ षोडशमान अक्षरे आहेत, म्हणजे कागदावर १२८ बिट. परंतु टोकन किती लांब दिसते याला महत्त्व नाही. ते किती वेगवेगळ्या शक्यतांमधून निवडले गेले याला आहे. तुमच्या प्रणालीतील प्रत्येक टोकन बीजावरून ठरते, आणि बीज म्हणजे सेवा सुरू झाल्याची वेळ. एका दिवसात ८,६४,००,००० मिलिसेकंद असतात. सेवा कोणत्या दिवशी सुरू झाली एवढे ज्याला कळले, त्याच्यासाठी १२८ बिटांचे रहस्य २७ बिटांपेक्षाही लहान झाले. तास कळला तर ३६,००,००० शक्यता उरतात. आणि तास कळणे अवघड नसते: देखभालीसाठी सेवा बंद राहणार असल्याची सूचना, मध्येच काही मिनिटे न उघडलेले पान, सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासोबत येणारी त्याच्या घड्याळाची वेळ, अशा अनेक वाटांनी ती माहिती बाहेर येते.

एमडी५ने या शक्यता वाढत नाहीत. हल्लेखोराला एमडी५ उलटा सोडवायचाच नसतो. तो प्रत्येक संभाव्य बीज घेतो, तुमच्यासारखीच संख्या काढतो, तिचा एमडी५ काढतो आणि जुळतो का ते पाहतो. एमडी५ऐवजी अधिक आधुनिक हॅश वापरला तरी हे गणित बदलत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती तुमच्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगा. हा हल्ला लॉगिनच्या पानावर होत नाही. हल्लेखोर स्वतःचे, पूर्णपणे वैध खाते उघडतो आणि स्वतःच्याच पासवर्डसाठी नवा दुवा मागतो. ईमेलने आलेले टोकन घेऊन तो स्वतःच्या संगणकावर बीज शोधतो. बीज सापडले की जनित्राची, म्हणजे यादृच्छिक संख्या देणाऱ्या त्या मोड्यूलची, पुढची सगळी वाटचाल त्याला ठाऊक होते. मग तो दुसऱ्या कोणाच्या तरी, बहुधा प्रशासकाच्या, खात्यासाठी दुवा मागतो. तो दुवा त्याच्या ईमेलवर येत नाही, पण त्यातले टोकन काय असेल हे त्याने आधीच मोजलेले असते. सर्व्हरच्या नोंदींत दोन साध्या विनंत्या आणि एक यशस्वी पासवर्ड बदल दिसतो. चुकीचा प्रयत्न एकही झालेला नसतो, त्यामुळे पाच प्रयत्नांची मर्यादा जागीही होत नाही.

मधल्या काळात इतर वापरकर्त्यांसाठी जनित्रातून किती संख्या खर्ची पडल्या हे हल्लेखोराला नेमके माहीत नसते, हे खरे. त्यामुळे त्याला प्रत्येक बीजापासून पुढे काही शे किंवा काही हजार पावले चालून पाहावे लागते. काम तेवढ्या पटींनी वाढते. पण ते अनेक संगणकांत वाटता येणारे काम आहे, आणि सेवा नुकतीच सुरू झालेली असेल तर ते फारसे वाढतही नाही.

वारंवारतेच्या कसोटीबद्दल एक स्वतंत्र प्रयोग सुचवतो. १, २, ३ अशा क्रमाने आकडे घ्या आणि प्रत्येकाचा एमडी५ काढा. त्या मालिकेतील अक्षरांची वारंवारताही तितकीच निर्दोष निघेल, आणि तरी पुढचे मूल्य कोणता आकडा वापरून येणार हे शाळकरी मूलही सांगेल. संख्याशास्त्रीय कसोट्या वितरण मोजतात. नियम माहीत असलेल्या माणसाला पुढची संख्या काढता येईल का, हा प्रश्न त्या विचारतच नाहीत.

शंकेखोर

'खोलवर' यांचे विवेचन पटले. पण मग दोष बीजाचा आहे, जनित्राचा नाही, असे म्हणता येईल का? पायथॉनला बीज दिलेच नाही, तर तो स्वतःहून कार्यप्रणालीकडून चांगले बीज घेतो. मग ती एक ओळ काढून टाकली की काम भागायला हवे.

खोलवर

भागत नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पायथॉनचे नेहमीचे जनित्र म्हणजे मर्सेन ट्विस्टर. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी ते १९९७मध्ये तयार केले. त्याची मालिका २चा १९९३७वा घात वजा १ इतक्या संख्यांनंतरच पुन्हा सुरू होते, आणि सिम्युलेशनसाठी ते उत्तम काम करते. पण त्याची अंतर्गत स्थिती ३२ बिटांच्या ६२४ शब्दांची असते, आणि बाहेर येणारी प्रत्येक संख्या त्यांपैकी एका शब्दावर उलट करता येण्याजोगी प्रक्रिया करून मिळते. म्हणून सलग ६२४ संख्या पाहिल्या की संपूर्ण स्थिती हाती येते, बीज कितीही चांगले असले तरी. एमडी५ न काढता १२८ बिटांची टोकने थेट दिली असती, तर एका टोकनात अशा चार संख्या येतात, म्हणजे सलग १५६ टोकने पुरली असती. संख्येचे काही बिटच दिसत असले तरी हे जनित्र रेषीय असल्यामुळे अधिक नमुने गोळा करून समीकरणे सोडवता येतात.

इतर भाषांतही हेच आहे. जावाच्या साध्या रँडम वर्गाची स्थिती अवघी ४८ बिटांची असते. त्याने दिलेला एक ३२ बिटी पूर्णांक म्हणजे त्या स्थितीचे वरचे ३२ बिट. खालच्या १६ बिटांच्या ६५,५३६ शक्यता तपासून पुढच्या पूर्णांकाशी ताडून पाहिल्या की बहुधा एकच स्थिती शिल्लक राहते. हे काम क्षणार्धात होते. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टचे साधे रँडमही या कामाचे नाही.

या जनित्रांमध्ये दोष नाही. ती ज्या कामासाठी बनली ते काम ती चोख करतात. समोर विरोधक असेल हे त्यांच्या रचनाकारांनी गृहीत धरलेले नव्हते. लॉगिनमध्ये मात्र विरोधक असतोच.

जुना_दीपस्तंभ

आमचा कोड कोणाकडे नाही, या मुद्द्यावर इतिहासातील काही घटना सांगाव्याशा वाटतात, कारण हीच चूक याआधी फार मोठ्या लोकांनी केली आहे.

१९९५च्या सप्टेंबरमध्ये बर्कली येथील इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरची सुरक्षित जोडणी कशी फोडता येते ते दाखवले. नेटस्केपचा स्रोत तेव्हा बंद होता. त्यांनी तयार प्रोग्रॅम उलगडून पाहिला आणि त्यांना आढळले की बीज फक्त तीन गोष्टींतून बनते: दिवसातील वेळ, त्या प्रक्रियेचा (चालू प्रोग्रॅमचा) क्रमांक आणि तिच्या जनक प्रक्रियेचा क्रमांक. १२८ बिटांची चावी म्हणून जी मिरवली जात होती, तिच्यातील खरी अनिश्चितता त्याच्या एका लहानशा अंशाएवढीच होती.

स्रोत उघडा असला म्हणजे अशी चूक लगेच सापडते, असेही नाही. केर्बेरॉस ही लॉगिन प्रमाणीकरणाचीच प्रणाली एमआयटीत जन्मली आणि तिच्या चौथ्या आवृत्तीचा स्रोत सर्वांसाठी खुला होता. तिची सत्रचावी (एका सत्रापुरती वापरायची गुप्त चावी) ५६ बिटांची होती, पण ती वेळ आणि प्रक्रिया क्रमांक अशा गोष्टी एकत्र करून त्यांचे बीज साध्या जनित्राला देऊन बनवली जात असे. पर्ड्यू विद्यापीठातील ब्रिन डोल, स्टीव्ह लोडिन आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, की प्रत्यक्ष शक्यता सुमारे २० बिटांच्या, म्हणजे दहा लाखांच्या आसपास होत्या. ज्या प्रणालीवर इतर सगळ्या प्रणाली विश्वास टाकत होत्या, तिचीच चावी काही सेकंदांत काढता येत होती.

तिसरी घटना मला सर्वांत बोलकी वाटते. २००६च्या सप्टेंबरमध्ये डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीच्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजमध्ये, स्मृती तपासणाऱ्या साधनाने दिलेला इशारा नाहीसा व्हावा म्हणून, कोडमधील मोजक्या ओळी काढल्या गेल्या. त्या ओळींबरोबर जनित्राला मिळणारी जवळजवळ सगळी अनिश्चितताही गेली आणि उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, ज्याची जास्तीत जास्त ३२,७६८ मूल्ये संभवतात. १३ मे २००८ रोजी हे जाहीर होईपर्यंत, म्हणजे सुमारे वीस महिने, डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूवर बनलेल्या एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या पद्धतीच्या) चाव्या या लहानशा यादीतूनच निघत होत्या. ज्या सर्व्हरवर अशी चावी स्वीकारली जात होती, त्यात यादीतील चाव्या एकामागून एक लावून शिरता येत होते. त्या काळात लॉगिन व्यवस्थित होत होते, चाव्या वेगवेगळ्या दिसत होत्या, चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. 'प्रणाली बरीच वर्षे विनातक्रार चालू आहे' हे वाक्य वाचून मला ते वीस महिने आठवले. या प्रकारची बिघडलेली गोष्ट तक्रार करत नाही.

दुरुस्तीच्या वेळी आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा उमगली. पॅकेज अद्ययावत करून काम संपत नव्हते. आधी बनलेल्या चाव्या तशाच कमकुवत राहत होत्या आणि त्या शोधून रद्द कराव्या लागत होत्या. इतकेच नव्हे, तर चांगल्या यंत्रावर बनलेली डीएसए (अंकीय सहीच्या एका पद्धतीची) चावी त्या सदोष यंत्रावर सहीसाठी एकदा जरी वापरली गेली असेल, तरी ती उघड झाली असे धरावे लागले, कारण त्या पद्धतीत प्रत्येक सहीला लागणारी गुप्त संख्या ओळखता आली की चावीच काढता येते.

शंकेखोर

सहा अंकी कोडाबद्दल कोणीच बोलले नाही. त्याच्या शक्यता मुळातच दहा लाख असतात. तेथे जनित्र बदलून काय साधणार?

खोलवर

बरेच काही साधते. सहा अंकी कोड सुरक्षित राहतो तो प्रयत्नांची मर्यादा आणि कोडाची अल्प मुदत यांमुळे. पाच प्रयत्नांची मुभा असेल तर आंधळ्या अंदाजाला दहा लाखांत पाच इतकी संधी मिळते, आणि ती आपण जाणूनबुजून स्वीकारतो. पुढचा कोड मोजता येत असेल तर पहिलाच प्रयत्न पुरतो आणि ती मर्यादा निरुपयोगी ठरते. दुसरे असे, की मूळ प्रश्नातील प्रणालीत कोड, टोकन आणि कुकी एकाच जनित्रातून येतात. म्हणजे कोडांवर हॅशचे आवरण नसल्यामुळे त्यांच्यातून गळणारी माहिती टोकनालाही धोक्यात आणते. विनंतीला क्रमांक देणे किंवा यादी विस्कटणे अशा किरकोळ कामासाठी तेच जनित्र वापरले जात असेल, तर तीही एक गळती आहे.

ज्या ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी कोड बदलतो, त्यात कोड प्रत्येक वेळी यादृच्छिक निवडला जात नाही. तो एका सामायिक गुपितावरून आणि वेळेवरून मोजला जातो. तेथे सगळा भार ते गुपित बनवण्याच्या क्षणावर येतो. आरएफसी ४२२६ या मानकाने हे गुपित किमान १२८ बिटांचे असावे असे बंधन घातले असून १६० बिटांची शिफारस केली आहे. ते गुपित साध्या जनित्रातून घेतले असेल, तर त्यानंतरचा प्रत्येक कोड कायमचा संशयास्पद ठरतो.

पडताळणी

दुरुस्तीबद्दल लिहितो, कारण अशा बदलांचा अनुभव आहे.

पायथॉनमध्ये ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६च्या अखेरीपासून, सिक्रेट्स नावाचे मोड्यूल याच कामासाठी आहे. ते कार्यप्रणालीकडून यादृच्छिक बाइट घेते. टोकनसाठी ३२ बाइट घ्या आणि कोडासाठी त्याच मोड्यूलमधील मर्यादेखालील संख्या देणारे फलन वापरा. एक बाइट घेऊन त्याला दहाने भागून बाकी घेण्याची पद्धत टाळा, कारण २५६ला दहाने निःशेष भाग जात नाही आणि ० ते ५ हे अंक इतरांपेक्षा किंचित अधिक वेळा येतात. बीज देऊ नका. एमडी५चीही गरज नाही. इतर भाषा वापरणाऱ्यांसाठी: पीएचपीत ७.० आवृत्तीपासून रँडम बाइट्स हे फलन आहे, जावात सिक्योररँडम आहे, आणि ब्राउझरमध्ये क्रिप्टो या ऑब्जेक्टमधील फलन आहे. या सर्वांच्या मुळाशी कार्यप्रणालीचा स्रोत असतो, लिनक्समध्ये ३.१७ आवृत्तीपासून त्यासाठी गेटरँडम ही स्वतंत्र हाक उपलब्ध आहे.

कोड वाचताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. सुरक्षित फलन अपयशी ठरल्यास चूक पकडून गुपचूप साध्या जनित्राकडे वळणारा कोड मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, लॉगिन बंद पडू नये इतकाच. पण असा कोड संकटाच्या क्षणी कुलूपच काढून ठेवतो. त्या परिस्थितीत प्रणालीने थांबावे आणि चूक नोंदवावी.

नवा कोड चालू करताच जुनी सगळी टोकने आणि 'लक्षात ठेवा'च्या कुकी रद्द करा. वापरकर्त्यांना पुन्हा लॉगिन करावे लागेल, त्याची पूर्वसूचना द्या, पण हा टप्पा पुढे ढकलू नका. यापुढे टोकन डेटाबेसमध्ये जसेच्या तसे न ठेवता त्याचा हॅश ठेवा. आणि गेल्या काळातील पासवर्ड बदलांच्या नोंदी पाहा: एका खात्याने स्वतःचा दुवा मागितल्यानंतर लगेच दुसऱ्या खात्यासाठीही त्याच ठिकाणाहून मागणी झाली आणि पासवर्ड बदलला, असा क्रम आढळल्यास त्याचा छडा लावायला हवा.

नवी_जबाबदारी

सर्वांचे मनापासून आभार. 'खोलवर' यांनी सांगितलेला हल्ला मी केवळ आमच्या चाचणी यंत्रावर, सहकाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या समोरच करून पाहिला. सेवा कोणत्या तासात सुरू झाली एवढेच माहीत आहे असे धरले, स्वतःच्या चाचणी खात्यासाठी एक टोकन मागवले, आणि ३६ लाख बीजांपैकी प्रत्येकातून पहिली पन्नास टोकने काढून जुळवली. काही मिनिटांत बीज सापडले. त्यानंतर दुसऱ्या खात्यासाठी दुवा मागण्याआधीच त्याचे टोकन कागदावर लिहून सहकाऱ्यांच्या हाती दिले. ईमेल उघडल्यावर दोन्ही अक्षरशः एकच निघाली. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि बदल याच आठवड्यात करायचे असे त्यांनीच ठरवले.

दोन शंका उरल्या आहेत. पासवर्डच्या हॅशसाठीचा सॉल्टही (हॅश काढताना पासवर्डला जोडले जाणारे मूल्य) याच जनित्रातून येत होता. मग सगळे पासवर्ड बदलायला लावावेत का? आणि आमची सेवा आभासी यंत्रांवर (एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांवर) चालते, एकाच साठवलेल्या प्रतिमेतून अनेक यंत्रे उभी केली जातात. त्याने काही फरक पडतो का?

पडताळणी

सॉल्टचे काम वेगळे आहे. तो गुप्त नसतो, हॅशच्या शेजारीच साठवलेला असतो. तो प्रत्येक खात्यासाठी निराळा असणे पुरेसे असते. तेव्हा केवळ त्यासाठी सर्वांना पासवर्ड बदलायला लावू नका. सेवा पुन्हा सुरू झाल्यावर सॉल्टची पुनरावृत्ती झाली आहे का ते डेटाबेसमध्ये पाहा आणि पुढच्या पासवर्ड बदलाच्या वेळी तो नव्या पद्धतीने घ्या. प्रशासकाने दिलेले सुरुवातीचे पासवर्ड मात्र याच जनित्रातून आले असतील आणि कोणी ते बदललेले नसतील, तर ते आजच बदलायला लावा.

आभासी यंत्रांबद्दलची शंका रास्त आहे. चालू यंत्राची स्मृतीसह प्रत घेतली, तर कार्यप्रणालीच्या जनित्राची स्थितीही तिच्यात येते, आणि त्या प्रतीतून उठणारी दोन यंत्रे काही काळ सारख्याच संख्या देऊ शकतात. लिनक्सच्या ५.१८ आवृत्तीत, २०२२मध्ये, यासाठी सोय आली: आभासी यंत्राची प्रत झाल्याची खूण यजमानाने, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या खऱ्या संगणकाने, दिली की लिनक्सचा गाभा आपले जनित्र नव्या बीजाने भरतो. तुमचा गाभा त्याहून जुना असेल तर स्मृतीसह प्रती वापरू नका. बंद स्थितीतील प्रतिमेतून यंत्र उभे करा, आणि त्या प्रतिमेत जतन केलेली बीजाची फाइल व एसएसएचच्या यजमान चाव्या आधीच काढून टाका, म्हणजे प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच्या चाव्या स्वतः बनवेल.